ओळखीचा हॉर्न

थळच्या अलीकडे, खाडीकाठच्या त्या गावात एका घराआड एक ट्रक आहे, आणि गावची गाडी ओळखायला कोणाला मान वळवावी लागत नाही. परक्या ट्रकचा हॉर्न एकच आणि लांब. आपल्या माणसासाठी दोन आखूड. हा गावचा रामराम. गाव त्याचा हिशेब चोख ठेवतं. कोणी कोणाला दिला, कोणी गिळला, हे वर्षानुवर्षं विसरलं जात नाही. बांधावरून भांडलेले दोन सख्खे भाऊ पुढे एका पंगतीला जेवू लागले, पण त्यांच्या गाड्या अजून एकमेकांशेजारून मुक्यानेच जातात. ‘समोरून गेला, पण दिला नाही’ एवढ्यावर एक सोयरीक मोडली म्हणे. सांगणारे ते हसून सांगत नाहीत.

केतनचा हॉर्न सगळ्यांत सढळ. तो कुंपणावरच्या कोंबड्यालाही रामराम घालतो, निवडणुकीला उभा राहायचा विचार दिसतोय, असं नाक्यावर त्याला चिडवत. केतनला ते आवडायचं.

सायकलवाल्यांची रीतही ठरलेली. परका हॉर्न ऐकला की खाली उतरायचं, ट्रक जाईपर्यंत मातीत उभं राहायचं. आपल्या गाडीचा ऐकला की चालू सायकलीवरूनच हात वर करायचा. आपल्या माणसाला बघून खाली उतरणं म्हणजे त्याला परकं करणं.

अमिषाने हात वर केला होता. गावची गल्ली जिथे रस्त्याला मिळते, तिथेच डावीकडे वळण आहे. ट्रक तिथे हळू होतात आणि गल्लीतून निघालेली सायकल नेमकी त्यांच्या डाव्या अंगाला येते. स्वप्निलचा, म्हणजे केतनच्या चुलतभावाचा, भरलेला ट्रक वळत होता. दोन आखूड हॉर्न झाले. अमिषाने हात वर केला, एका हातावरची सायकल डगमगली आणि ट्रकची मागची चाकं वळणाच्या आतल्या अंगाने आली. पोर जागीच गेली. अकरावीला होती. केतनची नेत्रा आणि ती रोज बरोबर अलिबागला कॉलेजात जायच्या. त्या दिवशी नेत्रा तापाने घरी होती.

स्वप्निल जामिनावर सुटून आला. पोलिसांना, पाहुण्यांना, ज्याला त्याला तो एकच सांगत राहिला, की हॉर्न दिला होता.

तेराव्यानंतर देवळात बैठक बसली. मुलींच्या सायकली बंद, असं ठरायला वेळ लागला नाही. दोष सायकलीवर टाकणं सोयीचं होतं. सायकलीला भाऊबंद नसतात, आणि बैठकीतल्या निम्म्यांच्या दारात ट्रक उभे होते. एसटी कॉलेजचा पहिला तास संपल्यावर पोचते, हे कोणी काढलं नाही. मुलींचा तास बुडाला तर बैठकीचं काय बुडत होतं?

अमिषाची आजी गोदूबाई खांबाला टेकून बसली होती. वळणाच्या पलीकडच्या अंगाला ती पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला बसते. त्या दिवशीही बसली होती. सगळे उठायला लागले तेव्हा ती बोलली.

“त्यो हारन माज्या पोरीला नव्हता. मना होता. मी हात वर केला, तिनंबी केला. तिला वाटला, आपल्याला बघितलान.”

शोकात माणूस काहीही बोलतं, असं म्हणत लोकांनी चपला शोधल्या.

केतनने घरी येऊन नेत्राची सायकल पडवीत ओढली, साखळी घातली, कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. आता कॉलेज नाही जमलं तर नाही, जीव राहिला पाहिजे, असं तो बायकोला मोठ्याने सांगू लागला, म्हणजे मुलीला आत ऐकू जावं. नेत्रा बाहेर आली. ती रडेल, भांडेल, अशी त्याची तयारी होती. तिने फक्त विचारलं, “बाबा, रोज वळणावर मला हॉर्न देता. तेव्हा मी दिसते तुम्हाला?”

“दिसत न्हाय त काय?”

“कुठे असते मी?”

केतन आठवू लागला, पण आठवला तो फक्त हॉर्न. ती निघायची वेळ झाली की वळणावर त्याचा हात आपोआप हॉर्नवर जायचा. संध्याकाळी ती म्हणायची, बाबा, सकाळी तुम्ही भेटलात. तोही म्हणायचा, हो. एवढ्या सगळ्या भेटी त्याने बापाच्या खात्यात जमा धरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच तिने त्याला जुन्या मिठागराच्या मोकळ्या जागेवर नेलं. केतनचा ट्रक तिथेच उभा असतो. आधी ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि त्याला डाव्या दाराशी, सायकल येते तिथे, उभं राहायला सांगितलं. केतन म्हणजे पंगतीत बसला तर शेजारच्याला पत्रावळ सरकवावी लागते असा गडी. तो दाराशी उभा राहिला आणि त्याने हाक मारली, दिसतोय का म्हणून. वरून “नाही” आलं. तो पाऊलभर मागे सरला. पुन्हा नाही.

मग तो वर चढला आणि ती खाली गेली. त्याने काचेतून पाहिलं, आरशात पाहिलं, सीटवरून अंग उचलून पाहिलं. मिठागराचे मोडके बांध दिसत होते, पलीकडची माडांची रांग दिसत होती. मुलगी नव्हती.

“नेत्रा?”

“इथेच आहे.” आवाज दाराच्या अगदी खालून आला.

अशी जागा असते हे त्याला लायसन काढल्यापासून ठाऊक होतं. नव्या पोरांना तो स्वतः शिकवायचा, डावीकडे बघा, तिथे कोणीतरी असतं. पण ते कोणीतरी नेहमी परकं असायचं. आपलं माणूस त्या जागेत उभं असेल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.



त्याच संध्याकाळी त्याने नाक्यावर सांगितलं, की रस्त्यात रामराम बंद करूया. ज्याला घालायचा त्याने उतरून घालावा. पोरांनाही सांगूया, कोणाचीही गाडी असो, ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोळे घातल्याशिवाय गाडीच्या अंगाला जायचं नाही. केतनशेठला आता गाव लहान पडायला लागलं, असं एकजण म्हणाला. बाकीचे हसले. हॉर्न बंद करायचा तर माणुसकी कशी दाखवायची, हेही कोणी विचारलं. स्वप्निल कोपऱ्यातल्या बाकावर होता. त्याच्यापुढचा चहा तसाच होता.

“मी तिला बघितली न्हाय,” तो म्हणाला. “गोदूमावशीला बघितली. तिला न्हाय.”

मग कोणी हसलं नाही. कोणी हो म्हणालं, असंही नाही.

सकाळी केतनने कुलूप काढलं. नेत्रा निघाली. तो ट्रक घेऊन मागाहून निघाला आणि वळण सोडून पुढच्या सरळ रस्त्यावर त्याने तिला गाठलं. ती समोर स्वच्छ दिसत होती, एकटी. पुढे काढायला पाय धजेना. भरलेला ट्रक सायकलीच्या चालीने तिच्या मागे सरकू लागला. त्याच्या मागे अलिबागकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या तुंबल्या. त्यांचे हॉर्न सुरू झाले, कोणी काच खाली करून शिव्या घातल्या. आज असा चालेन, त्याला वाटलं. उद्या? आणि बाकीच्यांच्या पोरींमागे कोण चालणार?

नेत्राने मागे वळून पाहिलं. मग ती थांबली, उतरली, सायकल डांबरावरून खाली मातीत नेली आणि कुंपणाला पाठ लावून, दोन्ही हातांनी हँडल धरून उभी राहिली. ट्रक जवळ आला तशी तिने मान वर केली. कुठल्याही परक्या ड्रायव्हरकडे पाहावं तशी ती त्याच्याकडे रोखून पाहत होती, याने आपल्याला पाहिलंय की नाही, याची खात्री करत.

त्याने मान हलवली. ती हसली नाही, तिने हातही वर केला नाही.

त्याने ट्रक पुढे काढला. आरशात ती तशीच उभी होती. शेवटची गाडी गेल्यावर तिने सायकल वर घेतली. तोवर त्याने ट्रक दुसऱ्या गिअरच्या वर नेला नव्हता.