टेंगूळ

औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये धातूचा बारीकसा तुकडा टाकून धाकटीने वर कापसाचा बोळा दाबला आणि कॅप्सूल सरबत प्यायच्या नळीत मधोमध सरकवली. एवढ्या महागड्या यंत्रात शेवटी जाते ती सरबताचीच नळी, कारण चुंबकाला इतकी न जुमानणारी वस्तू स्वस्तात दुसरी मिळत नाही. नळी दांड्याला अडकवून तिने यंत्राच्या उभ्या नळकांड्यात सोडली, झाकण आवळलं, आतली हवा काढून हेलियम भरायची कळ दाबली आणि काम पूर्ण होईपर्यंत हाताची घडी घालून उभी राहिली. गबाळेपणाची तिला मनस्वी चीड होती आणि ती चीड तिच्या चेहऱ्यावर कायम मुक्कामाला असे.

तुकडा भाऊजींच्या संयुगाचा होता. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा आणि या प्रयोगशाळेचे प्रमुख. एक दुर्मिळ मृदा धातू आणि निकेल यांचं हे संयुग थंड करत नेलं की पन्नास केल्विनच्या आसपास, म्हणजे बर्फाच्याही सव्वादोनशे अंश खाली, त्याचं चुंबकत्व एकाएकी उसळतं आणि पुन्हा खाली बसतं, असा शोध त्यांनी तरुणपणी लावला होता. आलेखावर तिथे उंचवटा दिसतो. बाहेरच्या जगात तो भाऊजींच्या आडनावाने ओळखला जाई. प्रयोगशाळेतली मुलं त्याला टेंगूळ म्हणत.

या टेंगळावर भाऊजींनी खुर्ची मिळवली, सत्कार घेतले, देशोदेशीची विमानतळं पाहिली. यंत्राला हात लावून त्यांना युगं लोटली होती. आता नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही उमटत नसे. परक्या कुणाला टेंगूळ दिसलं नाही, तर त्याचा नमुना अशुद्ध, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका परिषदेत ते दिसत नाही असं सांगायचं धाडस करणाऱ्या तरुण बाईला त्यांनी भर सभेत विचारलं होतं, "तुम्ही धातू वितळवता की भांडी घासता?" सभा हसली होती. ती बाई नंतर कुठल्या परिषदेत दिसली नाही.

धाकटी त्यांच्याच हाताखाली करारावर होती आणि दर वर्षी कराराच्या मुदतवाढीसाठी त्यांच्या दारात उभी राहत होती. पाठीमागे सगळे तिला 'मेहुणी' म्हणत. ती कुणाहीपेक्षा चांगलं काम करते हे सगळ्यांना माहीत होतं, पण मेहुणीचं काम कोण मोजतो! आता भाऊजी निवृत्त होणार होते, कायमची एक जागा निघाली होती आणि गुरुवारी समितीपुढे तिला आपलं काम दाखवायचं होतं. ही जागा हुकली तर तिच्या वयाला दुसरी मिळणार नव्हती.

पडद्यावर ठिपके उमटू लागले. ऐंशी केल्विन, सत्तर, साठ. धाकटी खुर्ची पुढे ओढून बसली. पन्नास आलं आणि गेलं. ठिपके सरळ, गुळगुळीत रेषेत पुढे सरकत राहिले. कुठे फुगवटा नाही, साधी सुरकुतीसुद्धा नाही.

तिने दुसरा तुकडा लावला. पुन्हा तेच. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती एकटीच मोठ्याने हसली. यंत्र नवं होतं, झाकणाची रबरी कडी नवी होती. जुन्या यंत्राची कडी जन्मापासून गळकी, आणि आजवरची सगळी टेंगळं त्या यंत्रातली. आत शिरलेल्या हवेतला प्राणवायू नेमका पन्नासच्या आसपास गोठतो आणि गोठलेल्या प्राणवायूला स्वतःचं चुंबकत्व असतं. या धंद्यात हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात. भाऊजींनी उभा जन्म हवा मोजली होती.

आलेख छापून तिने पर्समध्ये ठेवला. गुरुवारी हाच लावायचा. एका दगडात दोन पक्षी. आधी भाऊजींना दाखवणं सौजन्याला धरून होतं, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला त्यांचं तोंड बघायचं होतं.

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. भाऊजी आरामखुर्चीत बसून बिस्किट चहात बुडवत होते. बुडवलेलं अर्धं बिस्किट कपातच राहिलं आणि ते चमच्याने त्याचा शोध घेऊ लागले. धाकटीने आलेख त्यांच्यापुढे तिपाईवर ठेवला.

"तुमचं संयुग आहे. नव्या यंत्रात मोजलं."

भाऊजींनी चष्मा कपाळावरून खाली आणला. आलेख जवळ धरला, लांब धरला. धाकटीने त्या चेहऱ्यावरचा रंग उडण्याची वाट पाहिली.

"हवा सगळी काढलीस?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"सगळी नाही काढायची. थोडी राहू द्यायची."

आणि ते पुन्हा चमच्याकडे वळले.

धाकटीला आपण काय ऐकलं ते कळायला क्षणभर वेळ लागला. हा माणूस मूर्ख आहे, हे ती इतकी वर्षं धरून चालली होती. त्या समजुतीत एक प्रकारची सोय होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"यांना कुठलं माहीत!" स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाली. ती हात पुसत बाहेर आली आणि आलेखाकडे न बघताच बसली. "मोजलं मी होतं. यांची विद्यार्थिनी होते ना तेव्हा. कडी फाटलेली होती, बदलायचा कंटाळा केला. आलेख बघून हे नाचायला लागले आणि लेख पाठवूनही मोकळे झाले. नंतर कडी बदलली तर काहीच येईना, मग जुनीच परत बसवली."

"मग सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. लग्नाच्या आधीच सांगितलं." ताईने बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. "घे, मऊ पडतील. तोवर लेख छापून आला होता, लोक पत्रं पाठवत होते. मग आम्ही म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि ती परिषदेतली बाई? तिचं काय चुकलं होतं?"

"तिने मूठ उघडायला नको होती," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात ना राग होता, ना लाज. "गुरुवारी काय दाखवायचं ते तुझं तू ठरव. खरं दाखवलंस तर टाळ्या मिळतील. जागा मात्र नाही मिळायची. या विषयासाठी जागा आहे बाई, विषयच हवेत गेला तर समिती कशाला भरेल ती?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई तरी काही बोलेल, निदान मान खाली घालेल, असं तिला वाटत होतं.

"असं बघू नकोस माझ्याकडे," ताई म्हणाली. "आईबाबा गेल्यावर तू इथेच राहिलीस, इथूनच शिकलीस. तेव्हा कुठे विचारलंस, हे सगळं कशावर चाललंय म्हणून?"

"शी! तुम्हा दोघांची किळस येते मला."

"येऊ दे. चहा निवतोय."

तिने चहा घेतला नाही. आलेख उचलला आणि ती तडक घरी आली. पूर्ण संध्याकाळ ती मनात त्या दोघांना शिव्या देत होती आणि प्रत्येक शिवी त्यांना शोभून दिसत होती. लबाड, ढोंगी, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. समितीपुढे उभं राहून काय काय बोलायचं, याची वाक्यंसुद्धा तिने जुळवली. वाक्यं छान होती. वाक्यांनंतर, पुढच्या महिन्यात करार संपला की रोज सकाळी उठून कुठे जायचं, एवढं मात्र काही केल्या जुळेना.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत आली. तोच तुकडा, तशीच कॅप्सूल, तशीच नळी. झाकण आवळून तिने हवा काढायची कळ दाबली. पंप सुरू झाला. ती हाताची घडी घालून उभी राहिली. मग घडी सोडली आणि पंप मध्येच बंद केला.

पहिल्या खेपेला आत फार हवा राहिली. पन्नासला ठिपके असे उसळले की त्याला टेंगूळ काय, डोंगर म्हणावं लागलं असतं. समितीत एखादा जरी शहाणा निघाला तरी पितळ उघडं पडलं असतं. तिने यंत्र गरम होऊ दिलं, हवा थोडी जास्त काढली, पुन्हा थंड केलं. अजून थोडं मोठंच येत होतं. तिसऱ्यांदा पंपाच्या काट्यावर नजर ठेवून तिने अगदी हवं तिथे थांबवलं. शेजारच्या खोलीतला काचकाम करणारा मध्ये डोकावून गेला.

"जमतंय का, मॅडम?"

"जमेल. कामात आहे मी."

दुपारी ठिपके साठच्या खाली उतरले, हळूहळू चढले, पन्नासपाशी गोलाकार वळले आणि सावकाश खाली आले. एकही ठिपका रेषेबाहेर नव्हता. धाकटीने ताडून पाहायला भाऊजींचा जुना लेख पडद्यावर शेजारी उघडला. त्यातले ठिपके नुसते इकडेतिकडे विखुरलेले, चढण वाकडी, उतरण तुटकी.

इतक्या वर्षांत या माणसाला एक आलेखसुद्धा धड काढता आला नाही, असं म्हणून तिने तोंड वाकडं केलं आणि आपला आलेख गुरुवारसाठी ठेवून दिला.