लागू पडतंय

शिगेहारूने गोमाला मानेमागे धरलं आणि लाकडी टबातल्या गंधकाच्या पाण्यात सोडलं. मुंगसासारखं लांबुळकं अंग असलेली ती फेरेट कालपर्यंत मुकाट भिजत असे. आज ती किंचाळली, त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि टबाबाहेर उडी मारून स्टोव्हमागे जाऊन दडली. पाण्यावर केस तरंगत राहिले.

"लागतंय ना? मग लागू पडतंय," तो सवयीने म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. गोमाची शेपटी उंदरासारखी उघडी पडली होती आणि टक्कल आता पाठीवर चढलं होतं. तिला न्यायला त्याची मुलगी चिनात्सु आज चारच्या बसने येणार होती.

आईच्या अंत्यविधीनंतर नऊ वर्षं चिनात्सु या घरी फिरकली नव्हती. ऑफिसने तिला महिनाभर तैवानला धाडलं, गोमाला ठेवून घ्यायला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा कुठे बापाची आठवण झाली. पिंजरा दारात ठेवून ती त्याच पावली परतली होती. पुढे गोमा शेपटी खाजवायला लागली, तसा शिगेहारू, खोटं कशाला बोला, मनातून खूशच झाला. कातडीचं दुखणं ना? मग तो तर या गावच्या गरम झऱ्याचा राखणदार. बापजाद्यांपासून हे पाणी खरूज-नायटे घालवत आलं होतं. गोमाला ठणठणीत करून हातात दिलं, की पोरगी निदान चहाला तरी थांबेल, एवढीच त्याची आशा.

आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. गोमाला टॉवेलात गुंडाळून तो खालच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथल्या ओनोदेराबाई हाताने हलक्या, तोंडाने फटकळ.

"शेपटीपासून केस जायला लागले की फेरेटमध्ये आधी मूत्रपिंडाजवळची ग्रंथी बघावी लागते," त्या म्हणाल्या. "ती बिघडली असेल, तर दुखणं मोठं आहे."

सोनोग्राफी चालली होती तेवढा वेळ शिगेहारू भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत उभा राहिला. त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. बरं करायला गेलो आणि पोरीचं जनावर घालवून बसलो, तर तिला तोंड कसं दाखवू?

"ग्रंथी ठीक आहे. पिसवा नाहीत, खरजेचे किडेही नाहीत. अंगाला काय लावता?"

"काही नाही. आपल्या झऱ्यात बुडवतो, दोन वेळा. वीस दिवस झाले."

बाईंनी हातमोजे काढले. "काका, त्या पाण्यात खिळा कसा विरघळतो, ते पाहुण्यांना तुम्हीच कौतुकाने दाखवता ना? मग हिच्या कातड्याचं काय होणार? शेपटीचे केस ऋतू बदलला की गळतात, आपसूक परत येतात. बाकी सगळं तुमच्या पाण्याने भाजलंय."

"पण लागतं, म्हणजे ते लागू—"

"लागतं म्हणजे लागतं, काका."

मलमाची ट्यूब खिशात घालून तो गाडीत येऊन बसला. किल्ली हातातच राहिली. चिनात्सु सहा वर्षांची असताना तिच्या कोपरांच्या वळ्यांत इसब उठला होता. त्याच पाण्यात तिला तो रोज संध्याकाळी बसवत असे, खांदे दाबून, शंभर आकडे होईपर्यंत. असं किती वर्षं चाललं, तेही त्याला आता नीट आठवेना.

चारची बस वेळेवर आली. ऋतूमुळे केस गेले, एवढंच सांगून मोकळं व्हायची सोय होती, आणि ते निम्मं खरंही होतं. चिनात्सुने दारातच टॉवेल उलगडला. तिची बोटं गोमाच्या लाल पाठीशी थांबली.

"पाण्यात घातलंत?"

"हो," शिगेहारू म्हणाला. "रोज. चूक माझीच आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती गोमाला मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसली आणि मलम लावू लागली. बूट पायांतच होते.

"माझा इसब सेंडाई शहरात राहायला गेल्यावर तीन महिन्यांत गेला," ती म्हणाली. "नळाच्या पाण्याने."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगत होते की. रोज, त्या टबात बसून."

शरमेने त्याची मान वर होईना. तो उठून न्हाणीघरात गेला. झऱ्याचं पाणी घरात आणणारा नळ त्याने हयातीत कधी बंद केला नव्हता. तो इतका गंजला होता, की पान्याला लोंबकळावं लागलं. मग त्याने टब रिकामा केला, दोनदा घासला आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तापवून बादल्यांनी आणायला सुरुवात केली. प्रत्येक खेपेला दाराकडे बघायचं तो टाळत होता.

चौथ्या बादलीला परतीच्या शेवटच्या बसचा हॉर्न वाजला. शिगेहारू बादली धरून तसाच उभा राहिला. बस घाट उतरून गेली. बाहेर शुकशुकाट झाला.

"बाबा," दारातून चिनात्सुचा आवाज आला, "फार कढत करू नका."