चिनी तत्त्वज्ञाची आई

पेंटर दत्तारामनं ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, चिंधीला पुसला आणि स्टुलावरून खाली उतरून दोन पावलं मागे सरून भिंतीकडे पाहिलं. सोसायटीच्या गेटजवळ निळ्या ऑइलपेंटमध्ये वीतभर उंचीची अक्षरं उमटली होती. ‘दिवा दारात ठेव. आतली माणसं एकमेकांना ओळखतात.’ खाली बारीक अक्षरांत, ‘एक चिनी तत्त्वज्ञ’.

वैजयंता दुधाची पिशवी घेऊन परत येत होती. भिंत पाहून ती जागीच थांबली. आजवर हे वाक्य फळ्यावर खडूनं लिहिलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुसलं जायचं. हा रंग आता कुणी पुसणार नव्हतं.

वाक्य संघप्रियाचं होतं. तिच्या मुलीचं.

सात वर्षांपूर्वी इथं भाईंदरला लाइट जायची ती नेमकी दिवेलागणीला, आणि मग तासन्‌तास यायचं नाव नसे. काविळीनं अंथरूण धरलेली पोर, घरात एकच कंदील, आणि नवरा, श्रीपती, स्टीलच्या कारखान्यातून यायचा होता.

“आई, दिवा दारात ठेव,” संघप्रिया म्हणाली होती. “बाबा जिन्यात ठेचकाळतील. आतली माणसं ओळखतात एकमेकांना.”

वैजयंतानं तिचं ऐकलं. कंदील दारात ठेवला आणि अंधारात पोरीचा हात धरून बसून राहिली. श्रीपती न ठेचकाळता वर आला. कंदील उचलून आत आणला, तेव्हा पोर गेलेली होती. नेमकी कधी, ते हात हातात असून आईला कळलं नव्हतं. शेवटचा चेहरा तिनं पाहिलाच नाही.

सोसायटीच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम तेव्हा श्रीपतीकडे होतं, अक्षर चांगलं म्हणून. काही दिवसांनी त्यानं हेच वाक्य लिहिलं. आई आणि जिना तेवढे गाळले, ते त्याच्यानं लिहवेना. खाली नाव घातलं नाही. पण त्या फळ्यावर बिननावाचं काही ठेवायची रीत नव्हती. संध्याकाळपर्यंत कुणीतरी चिनी तत्त्वज्ञ आणून बसवला.

“पुसा की ते,” वैजयंता म्हणाली होती.

“राहू दे. मोठ्याच्या नावावर टिकंल तरी. आपल्या पोरीच्या नावावर कोण ठेवतंय?”

आणि टिकलं की! कुणाच्या लग्नपत्रिकेवर आलं, वाण्याच्या कॅलेंडरवर आलं, आणि तो ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवू लागला. शेजारच्या ममताचा नवरा गेला, तेव्हा शोकसभेत एकानं डोळे पुसत हेच सांगितलं आणि ममतानं मान हलवली. तिला तेवढाच आधार झाला. लोकांना ज्यानं धीर यायचा, त्यानंच वैजयंताला घाम फुटायचा. आधी पोरीचा आवाज यायचा, मग तो अंधार. हल्ली मात्र पोरीच्या जागी वाण्याचाच आवाज ऐकू येऊ लागला होता. पोर पुन्हा एकदा जात होती, आणि याही वेळी चेहरा न दाखवता. याची तिला फार भीती वाटे.

सेक्रेटरी हरिश्चंद्र काम बघायला खाली आले.

“झकास झालंय ना वहिनी?”

“भाऊ, हे माझ्या संघप्रियाचं वाक्य आहे.”

हरिश्चंद्रांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. “वहिनी, नववीतली पोर होती ती. वाचलं असेल कुठंतरी. एवढं खोल एकदम सुचतं का कुणाला?”

खोल काय होतं त्यात? बापानं पडू नये, एवढंच होतं. तरी वैजयंताच्या मनात पाल चुकचुकली. खरंच वाचलं असेल का? ती पोरीची पुस्तकं, धडे आठवू लागली आणि दुधाच्या पिशवीचं गार पाणी तिच्या पायावर ठिबकत राहिलं. मग तिला जिना आठवला. वळणावरची फुटकी पायरी, जिथं श्रीपती नेहमी अडखळायचा. ती पायरी कुठल्या पुस्तकात असणार?

“नाव राहू द्या,” ती म्हणाली. “एक शब्द तेवढा सुटलाय. सुरुवातीला ‘आई’ घाला.”

“आई? चिनी तत्त्वज्ञाच्या वाक्यात आई कुठून आली?”

“त्याला आई नव्हती का, भाऊ?”

हरिश्चंद्रांनी दत्तारामकडे पाहिलं.

“जागा आहे साहेब,” दत्ताराम म्हणाला. “दोनच तर अक्षरं.”

“घाल बाबा,” ते म्हणाले आणि लगबगीनं निघून गेले.

त्या संध्याकाळी लाइट गेली. श्रीपती अजून यायचा होता. वैजयंतानं कंदील पेटवला आणि संघप्रियाच्या फोटोपुढे ठेवला. पोर गेल्यापासून कंदिलाची जागा तीच होती. दारात तो पुन्हा कधी गेला नव्हता.

खाली गेटपाशी बॅटरीचा उजेड हलला. कुणीतरी परका माणूस, जाडाभरडा आवाज, भिंतीवरचं नवं लिखाण मोठ्यानं वाचू लागला.

“आई, दिवा दारात ठेव...”

वैजयंतानं ओ दिली. मग कंदील उचलून ती दाराकडे गेली.