फेरपरीक्षेआधीचा सत्कार

मला पहिला राग आला तो त्या नऊ गुणांचा. पन्नासात नऊ! आमची शिवांजली दहावीपासून कधी नव्वदाच्या खाली आलेली मी पाहिली नव्हती. बी.ई.ला कॉलेजात पहिली आली, म्हणून तर सांगलीला एम.टेक.ला जागा मिळाली. आणि दोन महिन्यांत फोनवर पोरगी सांगते, "नाना, मी नापास झाले. गुरुवारी फेरपरीक्षा हाय. त्यात वीस पडले न्हाईत तर ह्यो विषय पुढच्या वर्षी परत."

विषय म्हणजे भूकंपात इमारती कशा हलतात, त्याचं गणित. तिचे वडील, माझे थोरले बंधू, मुंबईला माथाडीत. त्यामुळं दहिवडीकडं पोरीचा चुलता म्हणून जे बघायचं ते मीच. मला गणित येत नाही. माझं जे काही शिक्षण झालं ते कीर्तनात, पुढच्या ओळीत मांडी घालून. गुरूकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, हे किती महाराजांच्या तोंडून ऐकलं, त्याला मोजदाद नाही. गावात नवे हेडमास्तर आले की आम्ही शाल, नारळ, फेटा देतोच. मग तिच्या सरांना का नको?

मंगळवारी पहिल्या एस.टी.नं निघालो. बरोबर भजनी मंडळातले चौघे, मृदंग घेऊन. तो विषय शिकवणारे घोरपडे सर वर्गात होते, तिथंच गेलो. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, मंडळींनी गजर केला. सरांचं तोंड लाल झालं. मी हात जोडले, "आमच्या शिवांजलीकडं जरा लक्ष असू द्या. गुरुवारी पेपर हाय तिचा."

पोरं मोबाईल वर धरून होती. शिवांजली खाली मान घालून बसली होती.

तास सुटल्यावर व्हरांड्यात ती माझ्यावर तुटून पडली.

"नाना, काय केलंसा ह्ये? कुणी बोलावलं हुतं तुमाला?"

"आगं, गुरूचा मान..."

"मान? आता मी पास झाले तर शालीनं पास झाले म्हणतील! लय घाण केलीसा."

"तुज्यासाठीच आलो ना? नऊ पडले तवा माझ्या जिवाला काय झालं आसंल?"

"हितं नऊच पडत्यात पहिल्यांदा! तुमाला वाटतं, बी.ई.सारखंच हाय. तिथं सर शिकवायचे आन् शिकवलेलंच पेपरात यायचं. हितं सर एक शोधनिबंध हातात देत्यात, म्हणत्यात सोमवारी उभं राहून तूच शिकव. वर्गातला परत्येक जण आपापल्या कॉलेजात पहिला आलेला. महिनाभर मला वाटलं, मी ढ हाय. रोज रडले. आता कुठं एकेक गणित सुटाया लागलं हुतं, आन् तुमी मृदंग घेऊन आलासा!"

तेवढ्यात तिच्या वर्गातला ऋषिराज नावाचा एक पोरगा शेजारून जाता जाता म्हणाला, "शिवांजली, आम्हालाही सांग गं, एका नारळाला किती मार्क?"

"कोण रं तू?" मी गरजलो. "मोठ्यांसमोर आसं बोलत्यात व्हय?"

"त्याच्यावर कशाला वरडता?" ती म्हणाली. "त्यो बोलला, बाकीचे मनात म्हणत्यात."

आणि ती तरातरा सरांच्या खोलीकडं निघाली. मी मागं. सर फेटा उतरवून कपाळ पुसत होते.

"सर, गुरुवारचा माझा पेपर तुम्ही काढू नका. तपासूही नका. आत्ता लिहून देते."

सर म्हणाले, "तशी काही गरज नाही. मी काय त्या शालीला भुलणार आहे?"

"तुम्ही नाही, सर. पण मला वर्गात सगळ्यांसमोर मान वर करून बसायचंय."

"मग दुसऱ्या विभागातल्या मॅडमकडे पाठवावा लागेल. त्या अर्धा गुणही सोडत नाहीत, बरं का."

"चालेल."

"खुळी झालीस का?" मी मध्येच ओरडलो. "सर समजून घेत्याल. त्या बाईंची वळख ना पाळख!"

तिनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. अर्ज लिहिला, सही केली. सरांनी शाल घडी करून माझ्या हातात दिली. परतीच्या गाडीत मंडळींनी भजन धरलं, तर मी त्यांना गप्प केलं.

पुढच्या आठवड्यात फोन आला. सतरा.

"तीन गुण!" मी किंचाळलो. "घोरपडे सरांनी डोळे झाकून दिलं आसतं तीन गुण! तुजा ताठा नडला."

"आसू दे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

एकादशीला देवळात कीर्तन होतं. महाराज रंगात आले होते, शिष्यानं गुरूची सेवा कशी करावी ते सांगत होते. एरवी माझे डोळे भरून येतात. त्या दिवशी माझं अंगच तापलं. सेवा केली ना मी? आणि पोरीचा विषय एक वर्ष लांबला. ती त्या गुरूसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या हातात शाल नव्हती की पाठीशी चुलता नव्हता, आणि मी तिला खुळी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा भर कीर्तनातून उठलो. लोक बघत होते. बाहेर येऊन फोन लावला.

"परत परीक्षा कवा हाय?"

"पुढच्या साली. दिवाळीच्या आधी." मग तिनं दटावलं, "नाना, येऊ नगासा."

"न्हाई येत," मी म्हणालो.