प्रयागबाईच्या ओट्याचे चाळीस दगड

प्रयागबाई भाकरी थापत होती, तेवढ्यात बाहेर धडाड असा आवाज झाला. ती पिठाच्या हातांनीच दारात आली. दार जागेवर होतं, उंबरा जागेवर होता, आणि उंबऱ्यापुढे जो ओटा असायचा तो नव्हता. तो खाली चरात जाऊन बसला होता. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकलेला, तो तिने तसाच मागे घेतला.

ही चौसष्ट सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. महाड-पोलादपूर रस्त्याच्या कडेने टेलिफोनची केबल पुरायची होती, आणि कंत्राटदार महिपतची माणसं आठवडाभर चर खणत होती. ओट्याला इतकं लागून खणू नका, असं प्रयागबाईने दोनदा सांगितलं होतं. महिपत दोन्ही वेळा हो म्हणाला होता. हो म्हणण्यात तो फार उदार होता.

ओटा तिच्या नवऱ्याने, हैबतीने, अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधलेला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. पाऊस महिन्यावर आलेला. ओटा नसेल तर चराचं पाणी सरळ चुलीपर्यंत येणार, हे कुणी सांगायला नको होतं.

महिपतचं म्हणणं, ओटा होताच कुठे? मातीचा ढीग होता, आपल्या वजनाने बसला. प्रयागबाईचं म्हणणं, आतून-बाहेरून घडीव दगड होता. तिसऱ्या दिवशी सरकारी ओव्हरशियर आला आणि त्याने तोड काढली. दगड मोजायचे. चाळीस घडीव दगड भरले तर ओटा पक्का, कंत्राटदाराने बांधून द्यावा. न भरले तर ढीग. पंच कोण? महिपतने गावात चौकशी आधीच करून ठेवली होती. शेजारचे सयाजीराव आहेत की, असं तो नम्रपणे म्हणाला.

सयाजी म्हणजे तिचा सख्खा दीर. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. दोन घरांमधला मोजणीचा दगड, डोक्यावर बाणाची खूण असलेला, एका सकाळी नाहीसा झाला होता. सयाजीचा संशय भावावर. हैबतीने गावदेवीपुढे बेलभंडार उचलून सांगितलं, मी त्याला हात लावला नाही. पुढे सयाजीला तो दगड आपल्याच परसात सापडला. हाच तो, अशी त्याने मामलेदारापुढे शपथ घेतली. बाण झिजलाय, एवढंच. दगड पुन्हा हद्दीवर उभा राहिला, पण प्रयागबाईच्या बाजूला दोन हात सरकून. तेव्हापासून ती रोज सकाळी त्या दगडावर थुंकायची. एक दिवस चुकला नव्हता.

मोजणी सुरू झाली. मुकादम चांगू चरातून एकेक दगड वर द्यायचा, ओव्हरशियर ओळीने मांडून घ्यायचा. माझा एक दगड सुटता कामा नये, असं प्रयागबाईने बजावलं होतं, आणि विश्वास नको म्हणून ती स्वतःच चरात उतरून माती उकरत होती. सदतीस. अडतीस. तिची बोटं एका घोटीव कडेला लागली. तिने तळव्याने माती पुसली.

बाण.

अकरा वर्षं ओट्याच्या पोटात राहून जराही न झिजलेला. बेलभंडार उचलताना हैबतीचा हात थरथरला होता. सख्ख्या भावाने संशय घेतला म्हणून थरथरला असेल, असं समजून तिने त्या दिवशी त्याला गोडाचं करून घातलं होतं.

ती त्या दगडावर बसली, वरून पदर पसरला.

"एकोणचाळीस," चांगूने दिलेला दगड मांडत ओव्हरशियर म्हणाला. "आणखी आहे का बाई?"

"नाय."

"तुम्ही बसलाय तो?"

"ही माती हाय."

महिपत एका दगडासाठी फार हळहळला. हळहळताना त्याला हसू आवरत नव्हतं.

सयाजी चराच्या काठावर होता. वरून त्याला पदराखालचा कोपरा दिसला, आणि कोपऱ्यावर बाणाचं टोक. तो वाकून तिकडेच बघत राहिला. प्रयागबाईने वर पाहिलं. आता हा गाव गोळा करणार, असं तिला वाटलं. मग उमगलं, कसा करेल? खरा दगड इथे असेल, तर मामलेदाराला दाखवलेला कुठला?

सयाजी घरांमधल्या बोळात गेला. पहारीचे चार घाव ऐकू आले. तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर हद्दीचा दगड होता, बुडाला ताजी माती. त्याने तो ओळीत नेऊन ठेवला.

"चाळीस," तो म्हणाला. "गडगडत माझ्याकडं आलेला. वयनीचाच हाय."

महिपतने आ वासला. वीस हात, तेही चढावर, दगड गडगडला कसा, एवढंच त्याला विचारता आलं.

"आमच्याकडचे जातात," सयाजी म्हणाला. "पंच मलाच नेमलाय ना तुम्ही?"

ओव्हरशियरची जेवणाची वेळ टळून गेली होती. त्याने चाळीस लिहून वही मिटली.

सगळे रस्त्यावर गेले तरी प्रयागबाई बसूनच होती. सयाजीने चरात उतरून हात पुढे केला. ओटा भरायला लागले की हा बाणाचा दगड आधी तळाला टाकू, असं म्हणाला.

तिने त्या हाताकडे पाहिलं, पण उठली नाही.

"बेलभंडार उचलताना तुम्ही समोर व्हतात, भावजी. त्यांचा हात थरथरत व्हता."

"माझा बी थरथरला," सयाजी म्हणाला. "मामलेदारापुढं."

मग तिने त्याचा हात धरला.