अकरा फॉर्म

रुपचंदभाऊंची अभ्यासिका देवपुरात एका पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर आहे. चाळीस खुर्च्या, सहा पंखे, त्यातले चार फिरणारे. गिरणी चालू झाली की टेबलं थरथरतात आणि पुस्तकांवर पिठाचा हात फिरतो. धुळ्यात यापेक्षा बऱ्या अभ्यासिका आहेत, पण गिरधर पाच वर्षांपूर्वी इथे आला आणि इथलाच होऊन बसला.

त्याचा दिवस सांगायला सोपा. साडेसहाला कुलूप उघडायचं. चावी त्याच्याकडे, कारण रुपचंदभाऊंना सकाळ झालेली आवडत नसे. पाण्याचा जार वर चढवायचा, खाली टपरीवर चहा घ्यायचा, मग चालू घडामोडी. एकला मेसचा डबा. मंगळवारी शेवभाजी असायची, म्हणून निदान मंगळवार ओळखू यायचा. दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपायचं, ज्याला तिथे 'रिव्हिजन' म्हणत. संध्याकाळी पांझरेच्या पुलापर्यंत चक्कर, परत येऊन गणितं. दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

असं करता करता गिरधर एकोणतीस वर्षांचा झाला. वडील, म्हणजे आप्पा, दोंडाईच्याला मार्केट यार्डात मापाडी. मिरचीच्या पोत्यांची मापं करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि काट्यावर कधी कुणाशी तंटा झाला नाही, याचा त्यांना अभिमान होता. दिवाळीत त्यांनी गिरधरला समोर बसवून सांगितलं, की ही एक परीक्षा आणखी दे. नाही झालं तर एका अडत्याकडे कारकुनाची जागा आहे, गुपचूप घरी यायचं. आप्पा शब्दाचे पक्के, त्यामुळे या 'एक'मध्ये 'दीड' होण्याची सोय नव्हती. गिरधरलाही ते पटलं. मागच्या वेळी तो दोन गुणांनी हुकला होता. या खेपेला त्याने खरोखर अभ्यास केला, दुपारची रिव्हिजनसुद्धा बंद केली.

लिपिकाच्या भरतीची जाहिरात जानेवारीत आली.

फॉर्म भरणं हे अभ्यासापेक्षा कठीण काम आहे, हे ज्यांनी भरलेत त्यांना सांगायला नको. फोटो अमुकच केबीचा, सही काळ्या शाईचीच, जातीच्या दाखल्यावरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव अक्षरन्‌ अक्षर एक. एक काना इकडेतिकडे झाला की वर्ष गेलं. गिरधरचा त्यात हातखंडा होता. पोरं फॉर्म घेऊन त्याच्याकडे यायची, 'दादा' म्हणायची, आणि दादा म्हटलं की गिरधर विरघळायचा. यंदा अकरा जण होते. त्याने वहीत अकरा नावं लिहिली, समोर चौकोन काढले.

सुरुवात त्याने स्वतःच्या फॉर्मपासून केली. साइट कोणता फोटो घेते, कोणता परत फेकते, हे पाहायला कुणीतरी बळीचा बकरा हवाच होता. त्याची माहिती भरून झाली, फोटो लागला, सही लागली. फी सगळ्यांची एकदमच भरू म्हणून त्याने फॉर्म तसाच ठेवला. मग दहा दिवस एकेकाला धरून बसवलं. हसीबच्या वडिलांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं होतं, त्यासाठी दोनदा तहसील कचेरीत गेला. भाविकाची सही चौकटीबाहेर जायची, ती तिच्याकडून वीस वेळा गिरवून घेतली. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी त्याने वही पुढ्यात घेऊन ओळीने सगळ्यांची फी भरली, अकरा चौकोनांत अकरा खुणा केल्या, अकरा पावत्या छापून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. आणि वही मिटली.

वहीत त्याचं नाव नव्हतं. आपल्या यादीत आपलं नाव कोण लिहितो? शिवाय आपला फॉर्म तर सगळ्यांच्या आधी झाला, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की शंका यायला जागाच नव्हती.

हॉलतिकिटं आली तेव्हा अकरा निघाली. बारावं निघेना. त्याने तीनदा नंबर टाकला. तिसऱ्यांदा खालची बारीक अक्षरं वाचली : शुल्क अप्राप्त. त्या क्षणी त्याला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला हायसं वाटलं. पाच वर्षं डोक्यावर असलेलं पोतं कुणीतरी खाली घेतल्यासारखं. मग आप्पा आठवले, आणि हायसं वाटल्याची त्याला इतकी लाज वाटली, की तो जाऊन जिन्यात बसला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण पोरांनी त्याला ऐकवली असती तर त्याने मान खाली घालून ऐकली असती. पण त्याने कुणाला सांगितलंच नाही. सगळ्यांना जळगाव केंद्र आलं होतं. आपलंही तिथेच आहे, फक्त दुपारच्या पाळीला, असं त्याने ठोकून दिलं. घरीही तेच.

परीक्षेच्या रविवारी पहाटे भाड्याची क्रूझर निघाली. गिरधरने वाटेत पोरांची उजळणी घेतली, पारोळ्याला चहा पाजला. जळगावच्या त्या कॉलेजच्या फाटकावर कळलं, की बॅगा, फोन, घड्याळं, काही आत न्यायचं नाही. साहजिकच सगळं दादाकडे आलं. त्याने प्रत्येकाचा फोन बंद केला, ज्याचा त्याच्या बॅगेत टाकला, आणि अकरा बॅगा भोवती मांडून समोरच्या निंबाखाली बसला. नऊला घंटा झाली. आतल्या पोरांपेक्षा त्याचीच छाती जास्त धडधडली.

दहाच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. आप्पा होते. सवयीने त्याने उचलला.

पाळी दुपारची असल्याचं आप्पा विसरले होते.

"तू फोन बंद करा का नही, ते पाहाले लावा," आप्पा म्हणाले. "पेपर चालू हुई गया व्हई ना? तू उचला कसा?"

आपला पेपर दुपारी आहे, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य आठवडाभर तोंडपाठ होतं. पण ज्या माणसाने फोन लागू नये म्हणून फोन लावला होता, त्याला ते सांगताना गिरधरची जीभ रेटेना.

"मी भाईर शे, आप्पा," तो म्हणाला.

"काबर?"

"बठ्ठा पोरेसना फारम भरात. मना ऱ्ही गया."

आप्पांनी विचारलं, "कितला पोरे शेतस तुनासंगे?"

"अकरा."

"त्यासना पेपर सुटू दे. ज्याना त्याले सामान दे. मंग घर ये."

ते रागावले असते तर गिरधरला सोसलं असतं. फोन ठेवून तो रडला, बॅगांच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. मग तोंड धुऊन परत जागेवर बसला.

अकराला पोरं बाहेर आली. पेपर सोपा गेलेला चेहऱ्यांवर दिसत होता. सगळी एकदम बोलत होती. गिरधरने एकेकाला हाक मारून बॅग दिली, फोन चालू करून बघायला लावला. सगळ्यात शेवटी भाविका आली. तिने आपली बॅग खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात त्याच्यापुढे केले.

"आता तुमची बॅग द्या दादा. तुमचा पेपर होईपर्यंत आम्ही इथेच बसतो. आमचं ठरलंय."

"माझा पेपर नाही," गिरधर म्हणाला. "माझी फी भरायची राहिली."

"पण तुम्ही तर सगळ्यांच्या आधी भरला होता," हसीब म्हणाला.

"हो," गिरधर म्हणाला, "म्हणूनच राहिली."

दोंडाईच्याची बस मिळेल तिथे मला उतरव, असं गिरधरने ड्रायव्हरला सांगितलं. पोरांनी त्याला पुढची सीट दिली. गणिताचे प्रश्न कसे होते, किती सुटले, हे त्याला विचारायचं होतं. पण मागे अकराही जण धुळे येईपर्यंत तोंड मिटून बसले, आणि त्याला बरं वाटावं म्हणून पेपराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.