शनिवारच्या आधीचा शुक्रवार

शिल्पाश्रीची सर्व्हिस म्हणजे सर्व्हिस! उजव्या हातातून सुटलेला बॉल जाळीच्या अगदी जेमतेम वरून पलीकडे जायचा, आणि समोरच्या मुली 'तू घे, तू घे' करेपर्यंत धप्पकन जमिनीवर. हीच मुलगी सातवीपर्यंत प्रार्थनेच्या रांगेत दुसऱ्यांच्या पाठीमागे लपायची, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं. नववीत ती थ्रोबॉल टीमची कॅप्टन झाली, मोठ्याने हसायला लागली, रिक्षावाल्यांशी कन्नडमध्ये हुज्जत घालायला लागली. आणि आता शाळा पहिल्यांदाच आंतरशालेय फायनलला पोचली होती. फायनल शनिवारी.

आणि नेमकं शुक्रवारी शाळेत इंजेक्शन!

"आठवी ते दहावीच्या मुलींना जर्मन गोवराची लस मिळणार आहे," मिस म्हणाल्या. "आता टोचून घेतली, की पुढे लग्न झाल्यावर, पोटात बाळ असताना..."

एवढ्यावर मागचा बाक फिदीफिदी हसला. मिसनी डस्टर आपटलं. "ज्यांच्या घरून कुणी येऊन 'हो' म्हणेल, त्यांनाच टोचतील."

"हात सुजतो म्हणे," आसावरी कुजबुजली. ती पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली, टीममधली शिल्पाची जोडीदारीण. "माझी चुलतबहीण सांगत होती. भरताच्या वांग्याएवढा!"

झालं. शिल्पाच्या डोळ्यांपुढे जाळी, बॉल आणि भलंमोठं वांगं नाचायला लागलं.

शिल्पाचं घर चिकपेटेतल्या एका बोळात. खाली आजोबांचं, म्हणजे नरसिंगरावांचं, बटणं, हुक आणि लेसचं दुकान. वर घर, आणि पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन. विमला ही नरसिंगरावांची एकुलती एक लेक. साऱ्या पेठेच्या बायका तिला विमलक्का म्हणायच्या आणि ब्लाउज तिच्याकडेच टाकायच्या. बाहीचं माप घेताना आई एकच विचारायची, "खूण झाकायची?" दंडावरची देवी टोचल्याची खूण. तिशीच्या पुढच्या सगळ्या जणी 'हो' म्हणायच्या. आईच्या स्वतःच्या दंडावर मात्र काही नव्हतं. तिचे वण होते ते गालांवर आणि कपाळावर. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, एवढं शिल्पाला माहीत होतं. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. नाक होतं तसे वण होते, आईचेच.

"आई, शुक्रवारी शाळेत इंजेक्शन आहे. ते मला नको," दप्तर टाकता टाकताच शिल्पाने जाहीर केलं.

"भित्री भागूबाई!" आतून कावेरी ओरडली. कावेरी पाचवीत, धाकटी, आणि जीभ मात्र हातभर.

"गप गं! आई, शनिवारी फायनल आहे. हात सुजला तर सर्व्हिस कोण करणार? आसावरी? तिचा बॉल जाळीपर्यंत तरी पोचतो का? बाबा, तुम्ही तरी सांगा ना!"

"मला नका ओढू त्यात," बाबा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "घरजावयाला मत नसतं."

"आई, पहिल्यांदा फायनलला गेलोय! परत कधी जाऊ कोण जाणे!" बोलता बोलता शिल्पाला रडू फुटलं. हे नाटक नव्हतं. कितीतरी महिने पहाटे उठून ती मैदानावर जात होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखादी गोष्ट येत होती, नुसती येत नव्हती, सगळ्यांपेक्षा चांगली येत होती.

आईने मशीन थांबवलं. लेकीचा चेहरा पाहिला आणि विरघळली.

"बरं बाई, सरी! शनिवार होऊ दे. नंतर घेऊ कधीतरी. दवाखान्यातही टोचतात."

शिल्पाने अशी उडी मारली की मशीनवरची रिळं गडगडत खाली गेली.

आजोबा कोपऱ्यात बसून पुठ्ठ्यावर हुक लावत होते. त्यांचा हात थांबला.

"विमले," ते म्हणाले, "मीही असंच म्हणालो होतो."

बस, तेवढंच. पुठ्ठा बाजूला ठेवून ते जिना उतरून खाली गेले.

"काय म्हणाले होते आजोबा?" शिल्पाने विचारलं.

आई टेप गुंडाळत म्हणाली, "काकाचं लग्न होतं. मी करवली. हातात कऱ्हा घेऊन काकाच्या मागे मिरवायचं, झालरीचा बिनबाह्यांचा नवा फ्रॉक घालून. आणि त्याच सुमाराला देवी टोचणारे गल्लीत आले. टोचलं की दंडावर मोठा फोड यायचा, पिकायचा, वाहायचा. असला दंड घेऊन करवली कशी होणार? मी जमिनीवर लोळण घेतली. माझ्या बाबांना बघवेना. म्हणाले, लग्न होऊ दे, नंतर टोचू."

"मग?"

"मग काय! नव्या काकूच्या हातावरची मेंदी उतरली नव्हती, तोवर माझ्या अंगावर देवी." आणि आई चक्क हसली. "करवली मात्र झकास दिसले होते हं मी. फोटो आहे."

शिल्पाला हसावं की नाही कळेना.

"बाबांवर राग नाही गं माझा," आई म्हणाली. "लेकरू रडलं की आईबाप विरघळायचेच. आत्ता मीसुद्धा विरघळलेच की." तिने रिळं गोळा केली, मशीनवर ओळीने मांडली आणि वर बघून म्हणाली, "शुक्रवारी मी येते शाळेत. टोचून घ्यायचं."

"पण तू हो म्हणालीस!"

"म्हणाले. आता नाही म्हणते."

"ही चीटिंग आहे! तेव्हा देवी होत्या, हा साधा गोवर आहे! माझा हात सुजला, आम्ही हरलो, तर?"

"तर हरलात. मी तुझ्यासाठी काय वाटेल ते करीन, पण 'नंतर' करणार नाही. धर माझ्यावर राग. दोन दिवस धर. जेवायला तेवढी ये."

दाराआड कावेरी खुसुखुसु हसत होती.

"आणि तू दात काढू नकोस," आई तिच्याकडे वळली. "तुझं दहाव्या वर्षाचं धनुर्वाताचं राहिलंय. 'परीक्षा होऊ दे, पाहुणे जाऊ देत' करत मीच लांबवलंय. शाळेतून निघालो की तसंच दवाखान्यात."

कावेरीचं तोंड जे उघडलं, ते मिटेचना.

शिल्पाने राग अगदी नेमाने पाळला. गुरुवारी संध्याकाळी आसावरीची आई ब्लाउज न्यायला आली तेव्हा ती आतल्या खोलीत कान लावून बसली. अजूनही वेडी आशा होतीच.

"विमलाताई, तुम्ही पाठवताय का हो शिल्पाला? मॅच आहे ना परवा? आमच्याकडे तर नुसता गोंधळ चाललाय."

"पाठवतेय काय, स्वतः घेऊन जातेय," आई म्हणाली. "तुम्ही तुमचं ठरवा हो. तुमची लेक, तुमचा निर्णय."

आसावरीच्या आईने आईच्या गालांवरच्या वणांकडे पाहिलं. मग ब्लाउजची पिशवी उचलून म्हणाली, "आम्हीही येतो मग."

विमलक्काकडून निघालेली बातमी पेठेत पसरायला कितीसा वेळ! शुक्रवारी शाळेच्या हॉलबाहेर आयांची ही रांग, आणि टीममधली एकूण एक मुलगी हजर, प्रत्येकीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"याव कै?" नर्सने विचारलं. कोणता हात?

"एडगै, डावा," शिल्पाच्या आधी आईच बोलली. "उद्या मॅच आहे, सर्व्हिस उजव्या हाताने करते. पकडताना डावा खांदा पुढे काढते, पण तेवढं निभावेल."

शिल्पाने वळून पाहिलं. आई एकाही मॅचला आलेली नव्हती, सुटीच्या दिवशीच तिच्याकडे गिऱ्हाइकांची गर्दी. "तुला काय माहीत?"

"गच्चीच्या भिंतीवर रोज बॉल आपटतेस. वाळत घातलेले कपडे काढायला मी काय डोळे मिटून येते?"

आणि शिल्पा तोंड वासून बघत असतानाच सुई आत जाऊन बाहेरही आली. राग संध्याकाळपर्यंत पुरवायचं तिने ठरवलं होतं, पण तो तिथेच कुठेतरी सांडला. त्यानंतर दवाखान्यात कावेरीने जो टाहो फोडला, तो ऐकून उरलासुरलाही गेला.

शनिवारी सकाळी डोळे उघडल्याबरोबर शिल्पाने दंड चाचपला. वांगं सोडा, वाटाणासुद्धा नव्हता. दाबलं तर ठसठसत होतं, एवढंच. मैदानावर आई आणि आजोबा पहिल्या बाकावर, बाबा मागे शेंगदाणे घेऊन. पहिला गेम जिंकला. दुसऱ्यात शिल्पाच्या डाव्या हाताने दोनदा दगा दिला, तो गेला. तिसऱ्यात चौदा-चौदा झाले, तसे आजोबा टोपी काढून उभेच राहिले. दोन पॉइंटांची आघाडी हवी होती. एक शिल्पाने सर्व्हिसवर मिळवला. पुढच्याला बॉल पलीकडून खाली, पायांजवळ आला. ती झेपावली. दोन्ही हातांत बॉल बसला आणि डाव्या दंडातून कळ थेट कानापर्यंत गेली.

"अय्यो, आई गं!" असं बोंबलत तिने तो जो फेकला, तो कुणाच्या हाती लागतोय!

जिंकल्या! सातही जणी एकमेकींच्या गळ्यात पडायला धावल्या आणि मध्येच थबकल्या. प्रत्येकीचा उजवा हात आपल्याच डाव्या दंडावर. "मला नको!" "अगं हळू!" "आधी तू लांब हो!" करत साती जणी नुसत्याच गोल गोल उड्या मारत राहिल्या. हरलेल्या मुली चकित होऊन बघत होत्या. एवढ्यात आसावरीला राहवलं नाही. तिने शिल्पाच्या दंडावर, बरोबर तिथेच, सणसणीत थाप मारली.

"मेले गं!" शिल्पा किंचाळली, आणि फेड करायला हात उगारून आसावरीच्या मागे मैदानभर पळत सुटली.